माजी सैनिकांची ट्रॉमा थेरपी आणि त्यातली गळती

लढाईवरून परतलेला माणूस पीटीएसडीसाठी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या मानसिक दुखण्यासाठी, थेरपी सुरू करतो. ती त्याने मधेच सोडू नये आणि पूर्ण केली तर तिचा त्याला खरंच उपयोग व्हावा, यासाठी जे काही केलं जातं त्याबद्दल ही नोंद आहे. अभ्यास बहुतेक अमेरिकेतला, कारण तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याने, म्हणजे व्हीएने, साधारण २००६-०७ पासून दोन थेरपी आपल्या थेरपिस्टना शिकवून देशभर पसरवल्या, आणि मग माणसं येतात पण टिकत नाहीत हे ठळकपणे दिसायला लागलं.

दुखणं जुनंच आहे. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांच्या धडधडीबद्दल दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये लिहिलं, १९१५ मध्ये मायर्स या डॉक्टरांच्या लेखातून 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकात आला, आणि पीटीएसडी हे नाव अधिकृत झालं १९८० मध्ये. या सगळ्या नावांमागे एकच आजार होता असं काहीजण मानतात, पण प्रत्येक काळातली लक्षणं बरीच वेगळी नोंदलेली असल्यामुळे सरसकट तसं न म्हणणंच बरं.

त्या दोन थेरपींपैकी पहिली प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, एड्ना फोआ यांची, साधारण ८ ते १५ सेशन आणि प्रत्येक सेशन दीड तासापर्यंत. दुसरी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, पॅट्रिशिया रेसिक यांची, १२ सेशनची, तिच्यात त्या प्रसंगाबद्दल मनात बसलेले विचार तपासून बदलायचे असतात, आणि ती मुळात सैनिकांसाठी नव्हे तर बलात्कार सोसलेल्या बायकांसाठी तयार झाली. पहिलीत माणूस डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतोय असा सांगतो, 'मी गाडीत बसलोय, पुढे रस्त्याच्या कडेला कचऱ्याचा ढीग दिसतोय', संपलं की पुन्हा पहिल्यापासून, मधेमधे थेरपिस्ट विचारतो की त्रास शून्य ते शंभरात किती, आणि याचं रेकॉर्डिंग घरी नेऊन रोज ऐकायचं असतं. शिवाय जे टाळलं जातं ते हळूहळू करायचं, म्हणजे हॉटेलात कायम भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत बसणाऱ्याने एक दिवस मधल्या टेबलावर बसून चहा प्यायचा आणि धडधड ओसरेपर्यंत उठायचं नाही. ऐकायला साधं वाटतं, करणाऱ्याला विचारा.

आकडे बघितले तर २००७ च्या अभ्यासात २८४ स्त्रिया होत्या, माजी सैनिक किंवा सेवेतल्या, त्यात एक्सपोजरवाल्या ३८ टक्के मधेच थांबल्या आणि आठवणींना हात न लावणाऱ्या साध्या थेरपीत २१ टक्के. २०२२ मध्ये ९१६ माजी सैनिकांवरच्या अभ्यासात दोन्ही मोठ्या थेरपींची तुलना झाली, गळती एक्सपोजरमध्ये ५६ टक्क्यांच्या आसपास आणि दुसरीत ४७ च्या आसपास निघाली.

पण गळती म्हणायचं कशाला यावर एकमत नाही. कुणी ठरलेली सेशन पूर्ण झाली नाहीत की गळती धरतं, कुणी ठरावीक किमान सेशन झाली की माणूस 'पूर्ण' मानतं, आणि नाव नोंदवून पहिल्या सेशनलाच न आलेल्यांना धरायचं की नाही हा आणखी वेगळा घोळ, त्यामुळे दोन अभ्यासांचे टक्के शेजारी ठेवून निष्कर्ष काढणं धोक्याचं. त्यात काहीजण बरं वाटायला लागलं म्हणूनही थांबतात, तेही त्याच रकान्यात पडतात. रेसिक यांच्याच थेरपीत पुढे सेशनची संख्या माणसागणिक कमीजास्त ठेवून, २४ पर्यंत नेऊन बघितलं गेलं, आणि मोजायची हीच रीत जास्त पटते, किती सेशन झाली यापेक्षा माणूस कुठवर आला ते बघणारी.

सोडण्यामागे नोकरी, अंतर, मुलंबाळं हे असतंच. पण टाळणं हे या दुखण्याचंच लक्षण आहे, म्हणून सेशन चुकवणाऱ्याला 'याला बरंच व्हायचं नाही' म्हणणं सरळ अन्याय आहे. तो फोन उचलत नाही तेव्हाच त्याला पुन्हा फोन करायचा असतो.

उपायांत सगळ्यात चर्चा लेखनाच्या थेरपीची, डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स यांची, फक्त ५ सेशन, दर वेळी अर्धा तास त्या प्रसंगाबद्दल हाताने लिहायचं, घरचा अभ्यास नाही. माजी सैनिकांवरच्या २०२३ च्या अभ्यासात फायदा एक्सपोजरइतकाच आणि गळती बरीच कमी दिसली. फोआ यांच्या गटाने सेवेतल्या सैनिकांना १० सेशन दोन आठवड्यांत दिली, तीही ८ आठवड्यांत दिलेल्यांच्या तोडीची ठरली. व्हिडिओवरून थेरपी, जुन्या सहकाऱ्याची सोबत, हेही आहे.

घरच्यांचा वाटा मात्र कमी लेखला जातो. लॉरा माइस यांच्या २०१९ च्या अभ्यासात, जवळची माणसं 'त्रास होतोय तरी सामोरा जा' म्हणणारी होती ते माजी सैनिक टिकण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. 'एवढा त्रास होतो तर नको जाऊस' हे बायको किंवा आई मायेनेच म्हणते, म्हणून तिलाही थेरपी काय आहे आणि सुरुवातीला तो जास्त चिडचिडा का होईल ते आधीच समजावून सांगायला हवं.

भारतात माजी सैनिकांचे उपचार २००३ पासून ईसीएचएस या त्यांच्यासाठीच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून होतात. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. फोनवरचा आधार पहिल्या पावलाला मोठा असतो, पण वर सांगितलेली थेरपी वेगळी, तिला शिकलेला थेरपिस्ट लागतो आणि आठवड्यामागून आठवडा ठरलेली वेळ.