कसाबची बिर्याणी: शिजलीच नव्हती!

‘तुरुंगात चंगळ असते, कसाबला तर बिर्याणी मिळायची’ हे आजही टपरीवर ठासून सांगितलं जातं. खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ साली जयपूरमध्ये सांगून टाकलं, की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती, सरकारने दिलीही नव्हती. त्याच्याविषयी तयार होणारी सहानुभूती मोडायला ती गोष्ट आपणच रचली, अशी कबुलीही निकमांनी दिली. खुलासा विरला, बिर्याणीचा वास काही जात नाही!

कैद्याच्या ताटात एरवी पोळी, भात, वरण, भाजी. २००३ च्या आदर्श कारागृह नियमावलीचा हिशेब दिवसाला २००० ते २४०० कॅलरींचा होता, अंगमेहनत करणाऱ्याला किमान २८००. म्हणजे जेमतेम गरजेपुरतं. वर काही हवंच तर कँटीन, तेही खात्यात पैसे असतील तर.