पिल्लांच्या वेदनेकडे दुर्लक्ष का झालं?

१८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल यशस्वी ठरली आणि पुढच्याच वर्षी पशुवैद्यकांनीही ती वापरून पाहिली. नवजात पिल्लं मात्र शतकाहून अधिक काळ तिच्यापासून वंचितच राहिली. शेपूट कापणं, खच्चीकरण, शिंगांचे कोंब जाळणं ही कामं जन्मानंतर लगेच, विनाभूल उरकण्याची पद्धत होती. नवजात पिल्लाच्या मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण पुरतं चढलेलं नसतं, त्यामुळे त्याला फारसं दुखत नाही, असं मानलं जाई. हा तर्क मुळातच लंगडा होता. प्रौढ प्राण्यांतही वेदना वाहून नेणाऱ्या सी-तंतूंवर मायलिन नसतंच!

माणसाच्या बाळांचीही तीच गत होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर नुसत्या नायट्रस ऑक्साइड या सौम्य भुलीच्या वायूवर आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावर शस्त्रक्रिया होत. फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाची जोड दिली तर ताणाची संप्रेरकं कमी वाढतात आणि गुंतागुंतही घटते, हे के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. उंदरांच्या पिल्लांवरच्या अभ्यासात तर चित्र उलटंच निघालं. प्रौढांपेक्षा हलक्या स्पर्शानेही पिल्लू पाय झटक्यात मागे घेतं, कारण मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणारा वेदनेवरचा लगाम जन्मतः तयार नसतो.

तरीही पिल्लांना भूल देण्याची पशुवैद्यकांची भीती निराधार नव्हती, हे सांगायलाच हवं. पिल्लाचं यकृत आणि मूत्रपिंडं अपरिपक्व असल्याने औषध शरीरात रेंगाळतं. त्याचं हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकू शकत नाही. ठोके मंदावले की रक्तपुरवठा घसरतो. म्हणून झायलाझीनसारखं ठोके मंदावणारं गुंगीचं औषध त्याला धोक्याचं. अंग पटकन गार पडतं, साखर उतरते, त्यामुळे भूल देण्याआधी त्याला फार वेळ उपाशीही ठेवता येत नाही. बहुतांशी श्वासावाटेच बाहेर पडणारं आयसोफ्लुरेन हे हुंगवायचं भूल-औषध आल्यावर हे काम पुष्कळ सुकर झालं. नॅलोक्झोन या उताऱ्याने उतरवता येणाऱ्या ओपिऑइड (अफूसारख्या) वेदनाशामकांचाही मोठा आधार मिळाला.

वासरांवरच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट शिकवली. डोळा आणि शिंगाचा कोंब यांच्या मधल्या हाडाच्या कडेखाली लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध टोचलं, की कोंब जाळताना वासरू शांत राहतं. पण काही तासांनी बधिरता ओसरते आणि रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वर चढतं, म्हणजे वेदना फक्त पुढे ढकललेली असते. म्हणूनच आता जोडीला मेलॉक्सिकॅम किंवा केटोप्रोफेनसारखं टिकाऊ वेदनाशामक देण्याचा सल्ला दिला जातो.

कायदे मात्र अजून रेंगाळतच आहेत. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार डुकराच्या पिल्लाचं पहिल्या ७ दिवसांत विनाभूल खच्चीकरण करता येतं. जर्मनीने १ जानेवारी २०२१ पासून ती सवलत आपल्यापुरती काढून घेतली. ब्रिटनमध्ये वासराचं खच्चीकरण २ महिन्यांच्या वयानंतर करायचं तर भूल सक्तीची आहे.