दहा यार्डांची अट आली कुठून?

अमेरिकन फुटबॉल पहिल्यांदा बघणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: हे लोक सारखे थांबतात का? पाच-सात सेकंद झटापट होते, शिट्टी वाजते, ढिगाखालून एकेक जण उठतो आणि दोन्ही बाजू पुन्हा समोरासमोर वाकून उभ्या राहतात. नियम तसा सोपा आहे. चेंडू ज्या संघाकडे, त्याला चार प्रयत्न. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. चार डाऊनमध्ये दहा यार्ड पुढे गेलात तर नवे चार मिळतात, नाही गेलात तर चेंडू समोरच्यांचा. बाकीचा खेळ या एका अटीभोवती फिरतो. ती कशातून आली हे कळल्यावर मला ते थांबणं खटकेनासं झालं, म्हणून हा इतिहास सांगावासा वाटतो.

पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक इथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत झाला. एडिसन-पिस्कॅटवेकडच्या मराठी मंडळींना हा भाग चांगलाच माहीत असेल. त्या मैदानाच्या जागी आता रटगर्सची जुनी व्यायामशाळा आहे. एकेका बाजूला २५ जण होते. रटगर्सच्या मुलांनी डोक्याला लाल फडकी गुंडाळली होती. चेंडू गोल, आणि तो हातात घेऊन पळायला मनाई. लाथेने, हाताच्या फटक्याने किंवा डोक्याने तो पुढे ढकलायचा. रटगर्सने सामना ६-४ असा जिंकला. आजचा खेळ त्यात शोधूनही सापडायचा नाही.

चेंडू हातात घेऊन धावणं रुजलं ते १८७४ नंतर. त्या वर्षी मे महिन्यात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डला आला. एक सामना हार्वर्डच्या नियमांनी झाला, एक मॅकगिलच्या, म्हणजे रग्बीच्या. हार्वर्डच्या मुलांना पाहुण्यांचा खेळ इतका आवडला की त्यांनी आपले नियम बाजूला ठेवले. ‘टचडाऊन’ हा शब्द त्याच घराण्यातला. रग्बीत चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवावा लागतो. अमेरिकन खेळात आता रेषा ओलांडली की झालं, नाव मात्र जुनंच आहे.

यापुढे वॉल्टर कॅम्प या येलच्या खेळाडूचं नाव येतं. रग्बीच्या स्क्रममध्ये दोन्ही बाजू एकमेकांना भिडून रेटत राहतात आणि चेंडू कुणाच्या वाट्याला येईल याचा भरवसा नसतो. कॅम्पला ते पटत नव्हतं. १८८० मध्ये त्याच्या आग्रहावरून एका बाजूला ११ खेळाडू ठरले आणि स्क्रमच्या जागी ‘स्क्रिमेज’ आलं. चेंडू एका संघाचा. त्यांचा मधला गडी तो पायाने मागे सरकवणार आणि मग खेळ सुरू होणार. चेंडू आपला आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे डाव आखता येऊ लागला.

पण एक भोक राहिलं. आपला चेंडू सोडायचा कधी? १८८१ च्या येल-प्रिन्स्टन सामन्यात उत्तर मिळालं: सोडायचाच नाही. पहिला अर्धा वेळ प्रिन्स्टनने चेंडू धरून ठेवला, दुसरा अर्धा येलने. निकाल ०-०. पुढच्याच वर्षी नियम आला: तीन डाऊनमध्ये पाच यार्ड पुढे सरका किंवा दहा यार्ड मागे जा, दोन्ही होत नसेल तर चेंडू द्या. पाच यार्ड मोजायला खुणा हव्यात, म्हणून मैदानभर आडव्या पांढऱ्या रेघा आखल्या गेल्या. मैदान पापड भाजायच्या जाळीसारखं दिसू लागलं आणि तशा जाळीचं ‘ग्रिडआयर्न’ हे नाव त्याला चिकटलं. माझ्या लेखी या खेळाचा खरा जन्म १८८२ चा आहे.

मात्र पाच यार्ड म्हणजे पंधरा फूट, आणि एवढं अंतर नुसत्या रेट्यानेही कापता येतं. संघ तेच करू लागले. १८९२ मध्ये हार्वर्डने पाचरीच्या आकारात धावत येऊन, चेंडूवाल्याला आत झाकून, येलच्या एकाच खेळाडूवर आदळण्याचा डाव काढला. दोन वर्षांत त्यावर बंदी आली, पण घोळक्याने तुडवत जाणं थांबलं नाही. हेल्मेटची सक्ती नव्हती. १९०५ च्या हंगामात वर्तमानपत्रांनी मोजलेले मृत्यू १८-१९ च्या घरात होते, आणि त्यांत शाळकरी मुलंही होती. हे वाचताना आजही पोटात कालवतं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा मुलगा त्याच वर्षी हार्वर्डकडून खेळत होता. त्यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. हंगाम संपल्यावर कोलंबिया विद्यापीठाने तर खेळच बंद केला.

१९०६ चे बदल या धक्क्यातून आले. पाचाचे दहा यार्ड झाले, म्हणजे नुसता रेटा पुरेना. दोन्ही रांगांमध्ये मोकळी पट्टी ठेवावी लागली. आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, ज्यामुळे गर्दी मैदानभर पांगली. त्या सप्टेंबरात विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा इथे सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पहिला कायदेशीर पास फेकला. तो कुणाच्याच हाती लागला नाही, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्यांना गेला. आज असा पास पडला तर फक्त एक डाऊन वाया जातो. त्याच सामन्यात नंतर रॉबिन्सनच्या पासवर टचडाऊन झालं.

पुढे ढकलाढकलीवर आणखी बंधनं आली, तेव्हा तीन डाऊनमध्ये दहा यार्ड जड जाऊ लागले. म्हणून १९१२ मध्ये चौथा डाऊन मिळाला. टचडाऊनचे सहा गुणही त्याच वर्षीचे. १८८३ मध्ये त्याला दोन आणि लाथेने मारलेल्या फील्ड गोलला पाच गुण होते.

ते दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन काठ्या आणि त्यांना जोडणारी दहा यार्डांची साखळी असते. शंका आली की ती मैदानात आणून ताणून धरतात, आणि कधी चेंडूचं टोक काठीच्या बोटभर अलीकडे राहतं. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये २०२५ च्या हंगामापासून ही मोजणी कॅमेरे करतात. साखळी अजून कडेला ठेवलेली असते, कॅमेऱ्यांनी दगा दिला तर.