मन लागतं तेव्हा मेंदूत काय घडतं?

येवल्यात पैठणीचा पदर विणणाऱ्याचं लक्ष तासन्‌तास हलत नाही. ‘त्यांना सवयच असते’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या कामाची रचना नीट पाहिली तर लक्ष धरून ठेवायची निम्मी जबाबदारी कामानेच उचललेली दिसते. पदरावरच्या मोरासाठी प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी कांडी असते. ती ठरावीक उभ्या धाग्यांमधून फिरवायची, शेजारच्या रंगात अडकवायची, मागे आणायची. पुढे काय करायचं हे ठाऊक असतं. एक धागा चुकला की दोन-चार ओळींतच मोराची मान वाकडी दिसू लागते. आणि हात चालवता चालवता डोक्यात महिन्याचा हिशेब मांडावा इतकं ते काम सोपंही नसतं.

मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहायी (१९३४–२०२१) यांनी शिकागो विद्यापीठात असताना बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, नर्तक, शल्यविशारद अशांना बोलतं करून हेच टिपलं आणि १९७५ साली पुस्तकरूपाने मांडलं. काय करायचं ते स्पष्ट, जमलं की नाही ते लगेच कळणारं, आणि आव्हान आपल्या हाताच्या ताकदीला पुरेपूर वापरणारं. हे तिन्ही जुळलं की माणूस कामात बुडतो. यातला एक बारकावा सांगताना बहुतेक वेळा गळतो. बुडालेल्या माणसाला त्या क्षणी आनंद वाटत असतोच असं नाही, कारण स्वतःला काय वाटतंय हे तपासायला लक्षच उरलेलं नसतं. बरं वाटतं ते उठल्यावर. म्हणून मध्येच ‘मला आता शांत वाटतंय का?’ असं विचारणाऱ्याची तंद्री त्या प्रश्नानेच मोडते.

मन रिकामं असताना काय करतं, याचा सुगावा मेंदूच्या तपासणीतून लागला. सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं, की माणूस काहीही न करता नुसता पडून असतो तेव्हा मेंदूचे काही भाग उलट जास्त काम करत असतात. कपाळामागचा मधला भाग आणि मेंदूच्या मध्यरेषेवरचा मागचा भाग हे त्यातले मुख्य. हाताला काम मिळालं की ते मंदावतात. या जाळ्याचा संबंध ‘मी’विषयीच्या विचारांशी आहे: काल कोण काय बोललं, उद्या काय होईल, लोकांना काय वाटेल. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी फोनवरून २,२५० प्रौढांना दिवसात अवचित वेळी गाठून ते काय करताहेत आणि मन कुठे आहे हे विचारलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामाबाहेर होतं, आणि तेव्हा लोक कमी समाधानी होते. सुखद गोष्टींकडे भटकलेलं मनसुद्धा कामावर असलेल्या मनापेक्षा जास्त सुखी निघालं नाही.

अनुभवी ध्यानसाधकांमध्ये ध्यानाच्या वेळी हे ‘मी’चं जाळं मंद असतं, असं २०११ साली जडसन ब्रूअर यांच्या गटाला आढळलं. आता कलेकडे वळू. चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन यांनी सहा जॅझ पियानोवादकांना तपासणी यंत्रात झोपवून छोट्या कीबोर्डवर वाजवायला लावलं. पाठ केलेलं वाजवण्याऐवजी आयत्या वेळी सुचेल ते वाजवताना, स्वतःवर देखरेख ठेवणारा कपाळामागचा बाजूचा भाग थंडावला. कपाळामागचा मधला भाग मात्र अधिक जागा झाला. म्हणजे ध्यानात जो भाग मंदावतो, तोच इथे वर येतो. सहाच वादकांचा हा प्रयोग (२००८), त्यावर इमले बांधू नयेत. पण ‘चित्र काढणं हेच माझं ध्यान’ हे वाक्य अर्धंच खरं आहे, असं मानायला तो पुरेसा आहे. चित्रात लक्षाला कागद धरून ठेवतो. ध्यानात धरून ठेवणारं काहीच नसतं, सुटलेलं लक्ष आपणच परत आणायचं. पहिल्याने मनातला परीक्षक गप्प बसतो, दुसऱ्याने भटकणं लवकर ओळखू येतं. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही, म्हणून दोन्ही पाठोपाठ करावीत. आधी ध्यान, मग काम.

ध्यानाची सुरुवात श्वास लांबवून करणं सोपं जातं. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. हा आकडा हवेतून आलेला नाही. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने कमी होतात. रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची स्वतःची लयही साधारण दहा सेकंदांची असते, आणि श्वास त्या लयीला जुळला की ठोक्यांचा हा चढउतार सर्वांत मोठा होतो. इटलीतल्या लुचानो बर्नार्दी यांनी २००१ साली लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला.

हे पाच मिनिटं पुरे. बोटांना मुंग्या आल्या किंवा गरगरलं तर समजा, श्वास लांब करण्याऐवजी तुम्ही तो खूप मोठा करताय. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. वेळ तीच ठेवून हवा कमी घ्यायची, नाहीतर सरळ थांबायचं.

मग श्वासावरचा ताबा सोडून द्यायचा आणि दहा मिनिटं नाकपुड्यांशी येणारी-जाणारी हवा नुसती जाणवून घ्यायची. नाशिककरांना हे नवं नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर, सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिरात, पहिले तीन दिवस हेच आनापान चालतं. तिथे श्वास लांबवणं, मोजणं, मंत्र जोडणं यातलं काहीही नसतं. त्यामुळे वर सांगितलेला मोजलेला श्वास त्या पद्धतीत घुसवू नये. शिबिराला गेलात तर तिथलं तिथल्यासारखंच करावं.

इथे सर्वांत जास्त लोक अडकतात ते ‘माझं मन लागतच नाही’ या तक्रारीवर. मन सुटणारच. सुटलंय हे लक्षात येणं आणि परत येणं, हाच व्यायाम आहे. दहा मिनिटांत तीसदा परत आलात तर बैठक वाया गेली नाही, तीस वेळा सराव झाला. परत येताना स्वतःवर वैतागणं मात्र टाळा, कारण तो वैताग म्हणजे पुन्हा ‘मी’विषयीचाच विचार. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा, आणि सकाळच्या मिसळीनंतर लगेच बसू नका. गुडघे बोलत असतील तर खुर्चीवर बसा. मांडीचा आग्रह धरणाऱ्यांचं ऐकायची गरज नाही. हॉर्नचे आवाज थांबायची वाट पाहत बसाल तर नाशिकरोड किंवा नाशिकच्या द्वारका चौकाजवळ राहणाऱ्यांचं ध्यान कधीच व्हायचं नाही. आवाज आला, ऐकला, परत श्वासावर. जागा तेवढी ठरलेली आणि मोकळी असावी. पांडवलेण्यांतल्या विहारांच्या खोल्या पाहिल्यात तर कल्पना येईल: दगडी ओटा, एक दार, बस्स.

बैठकीतून उठून थेट कामावर जायचं, मध्ये फोन नाही. एक काम अर्धवट टाकून दुसरं घेतलं की लक्षाचा काही भाग पहिल्याकडेच घुटमळतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखवलं. म्हणून ध्यानाला बसण्याआधीच अर्धवट कामं आणि त्यांची पुढची पायरी एका चिठ्ठीवर लिहून टाकावी.

कामासाठी पाऊण तास ठेवा, आणि ते बारीक करून घ्या. ‘रामकुंडाचं चित्र’ हे काम नव्हे. ‘घाटाच्या पायऱ्यांच्या सावल्या, फक्त दोन छटांत, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर’ हे काम. कंटाळा आला तर अट वाढवा: एकच छटा, किंवा पेन न उचलता. घाबरायला झालं, खोडरबर सारखं हातात येऊ लागलं, तर अट कमी करा. ढोलपथकात नव्या मुलांचा हात आधी संथ लयीत बसवतात आणि मग लय चढवतात, त्यामागे हेच गणित आहे. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं बहुतेकांना कोरडी जातात. नेमके तिथेच लोक उठतात आणि ‘आज मूड नाही’ म्हणतात.

हातातलं काम पुरं करायचं नसून नवी कल्पना हवी असेल, तर श्वासाला चिकटून राहू नका. आवाज, स्पर्श, विचार, जे येईल ते येऊ द्यायचं आणि कशाचाच पाठलाग करायचा नाही. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात लोरेन्झा कोल्झाटो यांच्या प्रयोगात (२०१२) अशा खुल्या ध्यानानंतर लोकांना एका वस्तूचे जास्त आणि वेगवेगळे उपयोग सुचले. प्रयोग लहान होता, पण करून पाहायला खर्च काही नाही.

‘आठ आठवड्यांत मेंदू बदलतो’ ही जाहिरात मात्र सोडून द्या. २०११ साली एका लहान अभ्यासात तसं दिसलं होतं. २०२२ साली विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दोनशेहून अधिक जणांवर काटेकोर तुलना केली, तेव्हा मेंदूच्या रचनेत असा बदल सापडला नाही. ध्यान सर्वांना मानवतंच असंही नाही. २०२० साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात सुमारे ८ टक्के लोकांना अस्वस्थता, उदासी असे त्रास झाल्याचं दिसलं. तीव्र नैराश्य, भास होण्याचा आजार किंवा नुकताच बसलेला मोठा मानसिक धक्का असेल तर लांब शिबिराआधी मनोविकारतज्ज्ञांना विचारा. बसल्यावर छाती धडधडून भीती दाटली तर डोळे उघडा, उठा, पाय जमिनीवर टेकवून चाला. नेटाने बसून राहण्यात काही शहाणपण नाही.

पाऊण तास संपल्याची घंटा झाली की दमेपर्यंत ओढत नेऊ नका. पुढचा फटकारा कुठे मारायचा हे अजून दिसत असतानाच हात थांबवा आणि कागदाच्या कडेला दोन शब्दांत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशीची ती कोरडी दहा मिनिटं यामुळे बरीच आखूड होतात.