नव्या नाकाचा सांगाडा: रोपणद्रव्याच्या निवडीची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त छापला. इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला होता आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला होता. सुमारे वर्षभराने विटा करणाऱ्या समाजातील एका माणसाने मेणाच्या पातळ पत्र्यावरून माप घेतले, कपाळाची कातडी भुवयांमधल्या देठाशी जोडलेली ठेवून खाली वळवली आणि कातात भिजवलेल्या पट्ट्यांनी नाकाच्या जागी बसवली. या वृत्तान्तातला एक लहान तपशील मला सर्वांत बोलका वाटतो: नाकपुड्या मिटू नयेत म्हणून पुढे त्यांत मऊ कापडाचे तुकडे घालावे लागले. सुश्रुतसंहितेपासून कातडीचा प्रश्न सोडवत आलेल्या या विद्येला आतला आधार मात्र अजून सापडला नव्हता.

लंडनमध्ये शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये हीच पद्धत वापरली आणि ती युरोपभर पसरली. पण नुसत्या कातडीचे नाक कालांतराने आक्रसते, बसते. म्हणून आतून आधार देणारे रोपणद्रव्य म्हणून हस्तिदंत व धातू वापरून झाले. १९००च्या सुमारास पॅराफिन (खनिज तेलापासूनचे मेण) सुईने टोचण्याची लाट आली आणि ते जागा सोडून सरकते, गाठी करते, हे रुग्णांना सोसावे लागले. त्याच सुमारास जर्मनीत नडगीचे हाड आणि बरगडीची कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती) वापरात आली. कूर्चेला रक्तपुरवठा फारसा लागत नाही, म्हणून ती नव्या जागी तग धरते. हाड मात्र शेजारच्या हाडाला नीट भिडले नाही तर झिजत जाते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातले शल्यचिकित्सक गिलीज यांनी जखमी सैनिकांसाठी बरगडीच्या कूर्चेवरच भिस्त ठेवली. तिचा दोष वाकण्याचा. त्याचे कारण गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी १९५८ मध्ये उलगडले, की कूर्चेच्या बाहेरच्या थरातला ताण एका बाजूने कापल्यावर असमतोल होतो, म्हणून तुकडा मधल्या गाभ्यातून घ्यावा.

सिलिकॉन हे रबरासारखे कृत्रिम द्रव्य हवे तेवढे मिळते आणि शरीरावर दुसरी जखम होत नाही. पण ताणलेल्या, व्रणांच्या कातडीखाली ते वर्षांनंतरही बाहेर येऊ शकते, म्हणून पुनर्रचनेत रुग्णाची स्वतःची कूर्चाच मी श्रेयस्कर मानतो. त्यातही नाकाच्या पडद्याची (दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीची) कूर्चा सरळ व हाताशी असलेली, कानाची वळणदार म्हणून नाकपुडीच्या कडेला जुळणारी. कुष्ठरोगाने नाक बसलेल्या रुग्णाचा मात्र बहुधा पडदाच नष्ट झालेला असतो आणि आतले अस्तरही आक्रसलेले असते. तेथे आधी अस्तर मोकळे करून मग बरगडीकडे किंवा कमरेच्या हाडाकडे वळावे लागते.