नाकापासून कानापर्यंतचं अंतर

आजीच्या तेराव्यासाठी तसबीर करायची होती. तिचा एकटीचा, समोरून नीट काढलेला फोटो कुणाकडेच नव्हता. शेवटी भाच्याच्या मोबाइलमध्ये दोघांचा एक सेल्फी सापडला. त्यातून भाच्याला कापलं, आजी मोठी केली आणि फ्रेम करून आणली. आत्याने ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "अगं, ही आई वाटतच नाही."

फोटो स्वच्छ होता. सुरकुत्या, हनुवटीवरचं गोंदण, चष्म्याची काडी, सगळं जागच्या जागी होतं. तरीही आत्याचंच खरं होतं, आणि ते का खरं होतं हे साध्या गणिताने समजतं.

वस्तू जितकी जवळ, तितकी ती चित्रात मोठी दिसते. अंतर दुप्पट झालं की दिसणारा आकार निम्मा होतो. चेहरा सपाट नसतो. नाकाचं टोक पुढे असतं आणि कान त्याच्या साधारण १२ सेंटिमीटर मागे, असं धरू. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान ४२ सेंटिमीटरवर पडतात. म्हणजे त्या चित्रात नाक कानांच्या मानाने १.४ पट मोठ्या प्रमाणात उमटतं. आता तोच फोन दीड मीटर लांब न्या. नाक १५० वर, कान १६२ वर. फरक उरतो जेमतेम ८ टक्के. चेहरा तोच, पण जवळून काढलेल्या फोटोत नाक पुढे येतं, गाल मागे सरकतात, कान जवळजवळ दडतात.

दोष बहुतेक वेळा लेन्सवर ढकलला जातो, आणि तो बराचसा चुकीचा आहे. एकाच जागी उभं राहून दोन वेगळ्या लेन्सनी फोटो काढा आणि चेहऱ्यापुरते कापून शेजारी ठेवा. नाक-कानांचं प्रमाण सारखंच येईल. प्रमाण ठरतं ते अंतरावरून. लेन्स फक्त आपल्याला जवळ जायला किंवा लांब थांबायला भाग पाडते. मोबाइलच्या रुंद नजरेच्या लेन्सने चेहरा चौकटभर हवा असेल तर अगदी पुढ्यात जावं लागतं. स्टुडिओतला फोटोग्राफर ८५ मिलिमीटरची लेन्स लावतो तेव्हा डोकं आणि खांदे चौकटीत बसवायला त्याला सुमारे दीड मीटर मागे राहावं लागतं. तिला 'पोर्ट्रेट लेन्स' म्हणतात ते यासाठी. (रुंद लेन्स फोटोच्या कडेचा चेहरा थोडा ताणतेही. आजी नेमकी कडेला होती.)

ओसरीवर समोरासमोर बसून बोलताना अंतर साधारण दीड मीटरच असतं. आत्याने तिची आई आयुष्यभर त्या अंतरावरून पाहिली होती. अगदी जवळ बसल्यावरही समोरचं माणूस विचित्र दिसत नाही, कारण दोन डोळ्यांमुळे खोली कळते आणि मेंदू ती जमेस धरतो. सपाट कागदावर तो आधार नसतो.

'पोर्ट्रेट' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे, अर्थ 'ओढून पुढे आणणे'. ट्रॅक्टर या शब्दाचं मूळही तेच ओढणं. मराठीतही आपण रेघ ओढतोच. माणूस जसा आहे तसा कागदावर येत नाही, त्याला ओढून आणावं लागतं, आणि कुठून ओढलं यावर काय येईल ते ठरतं. आपली 'तसबीर' अरबीतून आली, आणि तिचा मूळ धातू आकार देण्याचा आहे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात आरशातल्या प्रतिबिंबासारखं हुबेहूब असणाऱ्या चित्राला 'विद्ध' म्हटलं आहे. मराठीत 'व्यक्तिचित्र' रंगांनी काढलेलंही असतं आणि शब्दांनी लिहिलेलंही. झेरॉक्सच्या दुकानात आपण "उभं की आडवं?" एवढंच विचारतो, त्यातल्या उभ्याला संगणक पोर्ट्रेट म्हणतो, कारण माणसाचं डोकं-खांद्यांचं चित्र उभ्या चौकटीत बसतं.

सगळ्यात नवा अर्थ मोबाइलने दिला. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ प्लसमध्ये पोर्ट्रेट मोड आणला, आणि आता तो बहुतेक फोनमध्ये असतो. मागचं सगळं धूसर आणि चेहरा तेवढा ठसठशीत. मोठ्या कॅमेऱ्यात ही धूसरता आपोआप येते, कारण लेन्सचं तोंड चांगलं चार-पाच सेंटिमीटर रुंद असतं. फोनच्या लेन्सचं तोंड काही मिलिमीटरचं, त्यामुळे तिला जवळचं आणि लांबचं सगळंच जवळपास सारखं स्पष्ट दिसतं. मग फोन धूसरता गणिताने तयार करतो. एक बोट नाकासमोर धरा आणि डावा-उजवा डोळा आलटूनपालटून मिटा. बोट उडी मारतं, मागची भिंत फारशी हलत नाही. बऱ्याच फोनमध्ये शेजारचे दोन कॅमेरे हीच उडी मोजतात. जास्त उडी म्हणजे जवळ, कमी म्हणजे लांब. त्यावरून खोलीचा नकाशा बनतो आणि नकाशात जे मागे पडलं ते पुसट केलं जातं. मोकळी बट, चष्म्याची काच, कानातलं लोंबतं डूल इथे हा नकाशा चुकतो. पण पोर्ट्रेट मोड नाकाचं काही करत नाही. पार्श्वभूमी धूसर झाली म्हणून ३० सेंटिमीटरचे १५० होत नाहीत.

एवढ्या बारीक फरकाने आत्या का अडखळली? मेंदूच्या खालच्या बाजूला, कानाच्या पातळीच्या आसपास एक भाग आहे. चेहरा दिसला की तो इतर वस्तूंपेक्षा कितीतरी जास्त चेतवला जातो. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. चेहरा आपण डोळे, नाक, ओठ असे सुटे सुटे ओळखत नाही. त्यांच्यातली अंतरं एकदम, एकत्र वाचतो. ती अंतरं थोडी जरी हलली तरी काय बिघडलं हे सांगता येत नाही, पण बिघडलंय हे कळतं. काही माणसांत ही ओळखच जमत नाही. अमेरिकन चित्रकार चक क्लोज त्यांतले एक. ओळखीचे चेहरे त्यांना ओळखू येत नसत, आणि त्यांनी आयुष्यभर भिंतीएवढी व्यक्तिचित्रंच रंगवली. हलता चेहरा फोटोत सपाट झाला की तो आपल्या लक्षात राहतो, असं ते सांगत.

पुढे काकाच्या लग्नाच्या अल्बममध्ये आजी सापडली. मांडवाच्या पलीकडून, तीन-चार मीटरवरून टिपलेली, कुणाशी तरी बोलताना. चेहरा नखाएवढा. मोठा केल्यावर दाणे दिसायला लागले, गोंदण तर पार पुसलं गेलं. आत्याने तोच फोटो भिंतीवर लावायला सांगितला.