केबलला दोन वेढे

मुलाखत ऐन रंगात आली होती. समोरचे आजोबा तरुणपणीचा एक प्रसंग सांगत होते, आवाज किंचित कापायला लागला होता आणि मी कॅमेऱ्यामागे श्वास रोखून उभा होतो. तेवढ्यात मॉनिटर काळा झाला. दोन-तीन सेकंदांत चित्र परत आलं, पण रेकॉर्डरने सिग्नल गेल्याक्षणी फाइल बंद करून टाकली होती. कुणी केबलला अडखळलं नव्हतं, कुणाचा धक्काही लागला नव्हता. मी कॅमेरा जेमतेम दोन अंश फिरवला, तेवढ्यात मॉनिटरला चित्र पोहोचवणारी, लोंबणारी एचडीएमआय केबल पॅन हँडलला, म्हणजे कॅमेरा फिरवायच्या दांड्याला, घासून गेली, एवढंच.

सोबतच्या मित्राने केबल काढली, प्लगवर जोरात फुंकर मारली आणि परत खुपसली. चित्र आलं. "बघ," तो म्हणाला, "आणि पुढच्या वेळी सोन्याचा मुलामा असलेली केबल घे." एका वाक्यात दोन अंधश्रद्धा. हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय.

फुंकर आधी निकालात काढू. धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते पूर्ण पृष्ठभागभर चिकटतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचा प्रदेश असतो. दोन डोंगररांगा उलट्या-सुलट्या एकमेकींवर ठेवल्या तर फक्त शिखरं टेकतील, तसंच पिन आणि सॉकेटचं होतं. सगळी वीज त्या मोजक्या शिखरांमधून वाहते. ती शिखरं किती दबतात हे सॉकेटमधल्या पातळ पट्टीची स्प्रिंग किती जोर लावते यावर ठरतं. केबल सतत थरथरत असली की ही शिखरं काही मायक्रॉन पुढे-मागे घासत राहतात. घासल्यावर ताजा धातू उघडा पडतो, त्याचं ऑक्साइड बनतं, त्याचा चुरा तिथेच साठतो आणि रोध वाढत जातो. इंग्रजीत याला 'फ्रेटिंग' म्हणतात. प्लग काढून परत घातला की पिना घासल्या जाऊन तो चुरा बाजूला होतो आणि जोड तात्पुरता सुधारतो. श्रेय घासण्याचं, टाळ्या मात्र फुंकरीला. उलट फुंकरीतून आपण पिनांवर ओलावा पाठवतो, जो तिथे मुळीच नको असतो.

सोन्याच्या मुलाम्यात तथ्य आहे, पण जाहिरातीतलं नाही. सोनं गंजत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं लावलेल्या-काढलेल्या जोडात ते उपयोगी पडतं. हा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही कमी जाडीचा असतो. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. त्याने चित्राचे रंग उजळत नाहीत. डिजिटल सिग्नलमध्ये शून्य आणि एक जातात, पिवळेपणा जात नाही. आणि मुख्य म्हणजे निसटणाऱ्या प्लगला सोन्याचा काडीचाही आधार नसतो.

मग चित्र गेलं कशामुळे? जुन्या अ‍ॅनालॉग व्हिडिओत जोड सैल झाला की चित्रावर मुंग्या यायच्या, रंग हलायचे. बिघाड आगाऊ सूचना देऊन यायचा. डिजिटल सिग्नल शेवटपर्यंत ठणठणीत दिसतो आणि मग कड्यावरून पडल्यासारखा थेट जातो. एचडीएमआयचं दुखणं त्याहून बारीक आहे. त्याच्या १९ पिनांपैकी १८ क्रमांकाच्या पिनेवरून कॅमेरा ५ व्होल्ट पाठवतो आणि पलीकडचं यंत्र १९ क्रमांकाच्या पिनेवरून 'मी इथे आहे' अशी हजेरी लावतं. ही पिन ओळीच्या अगदी कडेला बसलेली. प्लग तिरका होऊन तेवढी एकच पिन क्षणभर सुटली, तरी चित्राच्या बाकी तारा शाबूत असताना कॅमेरा समजतो की मॉनिटर गेला. मग पुन्हा ओळखपरेड, पुन्हा बोलणी. माझी दोन-तीन सेकंदं त्यात गेली.

एचडीएमआय दिवाणखान्यातल्या टीव्हीसाठी जन्मलं. मूळ मानक २००२ चं. टीव्हीच्या पाठीमागे एकदा खोचलेली केबल वर्षभर कुणी हलवत नाही, म्हणून त्याला कुलूपच दिलं नाही. प्लग नुसत्या घर्षणावर तग धरतो. साध्या मोठ्या आकाराच्या प्लगबद्दल मानक सांगतं की तो सरळ ओढून काढायला साधारण १० ते ४० न्यूटन बल लागावं, म्हणजे एक ते चार किलो वजनाइतकं. शूटवर तो कधी सरळ ओढला जात नाही, हेच खरं दुखणं. तो खाली किंवा बाजूला ओढला जातो आणि तेव्हा प्लग तरफ बनतो. बाहेर चार सेंटिमीटर, आत जेमतेम एक. शाळेतला तरफेचा नियम लावा: बाहेरच्या टोकाला एक किलोची ओढ असेल तर आत पोर्टच्या भिंतींवर आणि सर्किट बोर्डच्या डाखावर तिच्या चौपट जोर येतो. मायक्रो एचडीएमआय पोर्ट का तुटतात, याचं उत्तर या एका ओळीत आहे.

व्यावसायिक कॅमेऱ्यांवरचे जोड या बाबतीत शहाणे असतात. एसडीआय या व्यावसायिक व्हिडिओ सिग्नलसाठी वापरतात तो बीएनसी जोड पाव फेरी फिरवला की अडकतो. पॉल नील आणि कार्ल कॉन्सेलमन या दोघांची नावं त्याच्या आद्याक्षरांत आहेत. पहिलं बी 'बेयोनेट'चं. आवाजासाठीचा एक्सएलआर 'टक' करून बसतो आणि खटका दाबल्याशिवाय सुटत नाही. लेमो जोडाची गंमत आणखी वेगळी: केबल धरून कितीही ओढा, आतली चिमटी जास्तच घट्ट होते, बाहेरची नळी धरून ओढली की अलगद बाहेर.

इथे बहुतेक सल्ले संपतात: 'कुलूपवाला जोड वापरा.' पण कुलूप ताण नाहीसा करत नाही, पुढे ढकलतं. कुठे, ते मोजून बघू. कॅमेरा आणि ट्रायपॉड मिळून ८ किलो, म्हणजे सुमारे ८० न्यूटन. पाय असे पसरलेत की मधल्या बिंदूपासून पायांना जोडणाऱ्या रेषेचं अंतर ३० सेंटिमीटर. ट्रायपॉडला उभं ठेवणारं आघूर्ण (बल गुणिले अंतर) झालं ८० गुणिले ०.३, म्हणजे २४. कॅमेरा दीड मीटर उंचीवर. तिथे आडवी ओढ किती लागेल? २४ भागिले १.५, म्हणजे १६ न्यूटन. दीड-पावणेदोन किलो!

हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी कागद उलटा करून पुन्हा हिशोब केला. चांगला घट्ट एचडीएमआय प्लगसुद्धा याहून जास्त ओढ सहन करतो. म्हणजे कुणाचा पाय केबलमध्ये अडकला तर जोड सुटायच्या आधी कॅमेराच जमिनीवर. कुलूप असेल तर बघायलाच नको.

तीच ओढ जमिनीपासून १० सेंटिमीटरवर, ट्रायपॉडच्या पायाशी लागू द्या. आता आडवं व्हायला २४ भागिले ०.१, म्हणजे २४० न्यूटन लागतील. तेवढी ओढ यायच्या कितीतरी आधी ट्रायपॉड जमिनीवरून फरफटेल. शॉट बिघडेल, कॅमेरा वाचेल. म्हणून केबल कॅमेऱ्यापासून पायाला धरून खाली आणायची, पायाच्या तळाशी अडकवायची आणि मगच जमिनीवर सोडायची.

अडकवायची कशी? गाठ मारून आवळायची नाही. एसडीआयच्या केबलमध्ये मधली तार आणि भोवतालची जाळी यांच्यातलं अंतर नेमकं असावं लागतं, तेव्हाच तिचा ७५ ओहमचा प्रतिबाध (सिग्नलला होणारा विरोध) टिकतो. चिरडली की सिग्नलचा काही भाग तिथूनच उलटा फिरतो. आणि सैल बांधली तर झटक्याला सरकते. आवळायचंही नाही आणि सरकूही द्यायचं नाही, या पेचाचं उत्तर बंदरावरच्या माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तो जहाजाचा दोर खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि सुटं टोक एका हाताने धरतो. जहाज ओढत राहतं, तो गप्पा मारत राहतो.

याचं गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडलं. वेढ्याचा एक इवलासा तुकडा घ्या. दोरात ताण आहे आणि दोर वळतोय, म्हणून तो खुंटाला दाबतो. जितका ताण, तितका दाब. दाबाबरोबर घर्षण आलं आणि त्या घर्षणाने पुढच्या तुकड्यातला ताण थोडा कमी केला. किती? आत्ता जितका आहे त्याच्या ठरावीक हिश्श्याने. पुढच्या तुकड्यात पुन्हा तोच हिस्सा, पण आता कमी झालेल्या ताणाचा. चक्रवाढ व्याज उलटं चालवल्यासारखं. म्हणून ताण बेरजेने घटत नाही, पटीने घटतो. दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर म्हणजे २.७१८ या संख्येचा घात आणि घातांक म्हणजे घर्षणांक (दोन पृष्ठभागांत घर्षण किती, हे सांगणारा आकडा) गुणिले रेडियनमधला एकूण कोन. रेडियनपाशी अडखळलात तर सरळ आकड्यांवर या: घर्षणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्याला ताण २.६ पट घटतो, एका वेढ्याला ६.६ पट, दोन वेढ्यांना ४३ पट, तीन वेढ्यांना सुमारे २८५ पट.

या सूत्रात खुंटाची जाडी कुठेच नाही, हे मला आजही जादूसारखं वाटतं. जाड खुंटावर दोर जास्त लांबीवर टेकतो, पण तितकाच हलक्याने दाबतो. दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. केबलच्या बाबतीत तरीही ट्रायपॉडच्या पायाची जाड नळी निवडावी, कारण फार टोकदार वळणात आतली तार आणि जाळी जागा सोडतात. शिवाय खरी केबल दोरासारखी लुळी नसते, तिला स्वतःचा ताठरपणा असतो, त्यामुळे आकडे ढोबळच समजायचे.

आता पाय अडकू द्या. चालत्या माणसाचा पाय अंदाजे १० किलोचा, वेग सेकंदाला २ मीटर आणि केबलने तो एक दशांश सेकंदात थांबवला तर सरासरी २०० न्यूटन, म्हणजे २० किलो वजनाची ओढ. ट्रायपॉडला वाळूची जड पिशवी लावलेली आहे आणि तो हलत नाही असं धरा. ट्रायपॉडच्या पायाच्या नळीला दोन वेढे असतील तर वरच्या बाजूला उरतात ४.६ न्यूटन, जेमतेम अर्धा किलो. तेवढं वेल्क्रोची पट्टी हसत धरून ठेवते. पट्टी मात्र हवीच: सुटं टोक कुणीच धरलं नाही तर शून्याची कितीही पट शून्यच, आणि सगळे वेढे सरकतात.

कॅमेऱ्याजवळ हाच खेळ लहान प्रमाणात. केजवर, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीच्या चौकटीवर, क्लॅम्प लावून प्लगच्या मागचे तीन-चार सेंटिमीटर पक्के करायचे, म्हणजे तरफेचा बाहेरचा दांडाच हलायचा थांबतो. क्लॅम्प आणि पट्टी यांच्यामध्ये एक सैल झोळ ठेवायचा, कॅमेरा डावी-उजवीकडे पुरता फिरवून बघायचा आणि कुठेही झोळ ताठ होत नाही ना ते पाहायचं. माझ्या त्या मुलाखतीला नेमका हा झोळ नव्हता. वेल्क्रोच्या दोन पट्ट्या बॅगेत होत्या. बॅग गाडीत होती.

पाऊस असेल तर मात्र ०.३ वर भिस्त ठेवू नका. ओल्या नळीवर घर्षणांक निम्मा झाला, ०.१५, तर ४३ पटीचे साडेएकवीस होत नाहीत. घातांकच निम्मा होतो, त्यामुळे ओले दोन वेढे म्हणजे कोरडा एक: ६.६ पट. अशा दिवशी मी नळी फडक्याने पुसतो, चार वेढे देतो आणि केबल हाताने एकदा जोरात ओढून बघतो.